चौकटीतली शिवांगी

महांतेशने खुर्ची एवढी पुढे ओढली की त्याचा गुडघा टेबलाला लागला. "फोटो मोठा करा," तो म्हणाला. "बघणाऱ्याच्या डोळ्यात भरला पाहिजे."

अंबिकाने माऊसने चौकटीचा कोपरा धरून ओढला. पडद्यावर शिवांगी मोठी झाली. दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा गणवेश. फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता. निलंग्याहून निघताना तिच्या वडिलांना, महांतेशशेजारी बसलेल्या मलप्पांना, म्हणे हाच हाती लागला. त्यांच्या या वेंधळेपणाला अंबिकाने मनातल्या मनात हात जोडले.

कारण त्या फोटोवरून शिवांगीला शेजारणीनेही ओळखलं नसतं. आणि तिला कुणी ओळखू नये म्हणूनच अंबिकाचा जीव टांगणीला लागला होता. 'हरवली आहे' म्हणून जिची जाहिरात चालली होती, ती अंबिकाच्याच खोलीवर होती.

दोघी लातूरला एका वसतिगृहात राहिलेल्या. अंबिका शिकून या बातम्यांच्या पोर्टलवर पानं मांडायला लागली, शिवांगी मेडिकलच्या परीक्षेसाठी घोकत राहिली. मग तिच्या मामाने, म्हणजे या महांतेशने, औशाची सोयरीक आणली आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला क्लासमधून उचलून गावी नेलं. तिथून ती अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली. चष्मासुद्धा घरीच राहिला. आता खोलीत पुस्तक नाकाला लावून बसली होती. रविवारी परीक्षा. तोवर सापडली नाही म्हणजे मिळवली.

महांतेशचा फोन वाजला. औशाच्या पाहुण्यांना धीर देत तो दाराशी गेला.

"वर्णन सांगा," अंबिका म्हणाली.

"वय अठरा," मलप्पा सावकाश म्हणाले. "रंग सावळा. अंगानं किरकोळ."

अंबिकाची बोटं भराभर चालत होती. मामा परत यायच्या आत हे उरकावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मलप्पा वाकून पडद्यावरचं वाचत होते. वाचता वाचता ते थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"मॅडम, ते चष्म्याचं काढा. फोटोत चष्मा न्हाई."

तिने 'जाड चष्मा' एवढे दोन शब्द खोडले.

पान मांडणं म्हणजे पंगतीचं ताट वाढणं. बातमी असो की जाहिरात, जी ती आपापल्या चौकटीत. माऊसने उचलायची आणि हवी तिथे ठेवायची. प्रत्येकाला वाटतं आपण वरणभाताच्या जागी असावं, आणि निम्म्यांच्या नशिबी लोणच्याचा कोपरा येतो. मलप्पा म्हणत होते, खाली खताच्या जाहिरातीशेजारी ठेवा, कास्तकार खत बघतोच. फोन संपवून आलेल्या महांतेशने ते उडवून लावलं. त्याला सगळ्यात वर हवी होती. अंबिकाने वर ठेवली.

ते गेल्यावर तिने ती चौकट पुन्हा उघडली. प्रत्येक चौकटीखाली तीन खुणा असत: संगणक, टॅब, मोबाईल. जी खूण चालू, तिथे ती चौकट दिसणार. तिने टॅब आणि मोबाईल बंद केले. अख्खा जिल्हा पोर्टल मोबाईलवर बघतो. संगणकावर बघणारे दोघेच, मालक आणि ती. एका बापाला आपण फसवतोय याचं तिला खरोखर वाईट वाटलं. जेवताना ताट अर्धंच राहिलं. शिवांगीने काय झालं म्हणून विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा हजर. मलप्पांच्या सदऱ्याचा खिसा आज फुगलेला होता आणि ते सारखे त्यावर हात ठेवत होते. सुपारीची डबी असावी.

"एक फोन न्हाई आला," महांतेश म्हणाला. "जाहिरात लावली का नुसतं गंडवलं?" आणि त्याने खिशातून मोबाईल काढला.

मोबाईलवर ती चौकट दिसणार नव्हती.

"त्यात कशाला डोळे फोडायलास," मलप्पा म्हणाले. "हितं रेंज न्हाई. मोठ्या पडद्यावर बघ की."

अंबिकाने घाईने पडदा त्याच्याकडे वळवला. सगळ्यात वर दोन वेण्यांची शिवांगी होती. महांतेशने तिला डोळे भरून बघितलं आणि मोबाईल परत खिशात टाकला. पण त्याचं समाधान फार टिकलं नाही. क्लासच्या गल्ल्यांतली एकेक खोली आता आपण स्वतः धुंडाळणार, असं त्याने जाहीर केलं. अंबिकाची खोली त्याच गल्लीत होती.

"लातुरात कशाला र्‍हाईल ती?" मलप्पा म्हणाले. "नांदेडला तिची जिवाची मैत्रीण हाय. आधी तिकडं जाऊ. दोन दिवस तिथंच बघू."

शिवांगीची नांदेडला कुणीसुद्धा मैत्रीण नव्हती. लेकीच्या मैत्रिणीही बापाला ठाऊक नसाव्यात, याची अंबिकाला कीव आली. महांतेशने क्षणभर विचार केला, दाजींचं म्हणणं त्याला पटलं, आणि गाडी काढायला तो जिना उतरून गेला. मलप्पाही त्याच्यामागे गेले. अंबिकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. रविवार आता हाताशी आल्यासारखा वाटला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मलप्पा परत आले होते. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल राहिला, म्हणाले. तो उचलून त्यांनी खांद्यावर टाकला. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, खिशात हात घातला आणि चष्म्याची एक डबी हळूच तिच्या कीबोर्डवर ठेवली.

"नंबर लई जास्त हाय, पोरी," ते म्हणाले. "पेपरातलं बारीक अक्षर दिसायचं न्हाई तिला."