तुटलेला कान

"हँडल सरळ आलं की टक्कन अडकतं," गिऱ्हाईक म्हणालं. "वळवताना जोर लावावा लागतो."

मेकॅनिकनं गाडीचं पुढचं चाक वर उचलून हँडल डावी-उजवीकडं फिरवलं. मध्यावर आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं थांबलं. हा रोग त्यानं झोपेतही ओळखला असता.

"कोनसेट गेलाय. हँडलच्या मानेतले छर्रे आणि वाट्या बदलाव्या लागतील. दोन तास."

"दोन तास? मला तीनला पोचायचंय."

"मग गप्प बसा. बोलत राहिलात तर तीन तास."

गिऱ्हाईक हसलं नाही. घराच्या दाराकडं पाठ करून स्टुलावर बसलं आणि घड्याळ बघू लागलं.

मेकॅनिकचं घर गॅरेजच्या मागंच होतं. मधल्या दारालगतच्या खाटेवर त्याची बायको पडून असायची. दोन महिन्यांपूर्वी बाजारातून येताना तिला एका मोटरसायकलनं उडवलं होतं. चालवणारा थांबलाही नाही. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टर "चालतील" म्हणायचे, कधी ते सांगत नव्हते. त्या जागी मेकॅनिकला अंगठ्याएवढा एक ओतीव धातूचा तुकडा सापडला होता, कुठल्या तरी गाडीचा काहीतरी अडकवायचा तुटलेला कान. पोलिसांनी तो बघून परत दिला. तेव्हापासून तो त्याच्या खिशात असायचा, आणि डोक्यात एकच गोष्ट, तो माणूस सापडला पाहिजे.

त्यातल्या त्यात नशीब म्हणजे मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अपघाताची खबर द्यायला फोन केला, तर हा आधीच त्यांच्याकडं यायला निघालेला. तासाभरात दवाखान्यात हजर. तेव्हापासून नोकरीवर पाणी सोडून बहिणीची सेवा करत होता. औषधं, भांडी, स्वयंपाक, सगळं. गल्लीतल्या बायका आपापल्या भावांना त्याच्यावरून टोमणे मारायच्या.

"छोटू, दोन चहा टाक रे!" मेकॅनिकनं हाक मारली.

मेहुणा मधल्या दारापर्यंत आला, क्षणभर थांबला. "दूध नासलंय, दाजी," म्हणाला आणि आत गेला.

चाक निघालं, हँडल उतरलं. वरचा नट सैल करून मेकॅनिकनं पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढला तसे छर्रे परातीत खडखडत पडले. त्यानं खालची वाटी पुसून उजेडात धरली.

खड्ड्यांनी वाटी हळूहळू झिजते. इथं छर्रे एकाच दणक्यात रुतले होते, तेही एकाच अंगाला.

"गाडी कशावर आदळली होती?"

"खड्ड्यात गेली असेल."

"असेल म्हणजे? तुम्हीच चालवता ना? किती दिवस आहे तुमच्याकडं?"

"बरेच दिवस झाले." गिऱ्हाईकानं रुमालानं मान पुसली. "आधी काम करा ना तुम्ही."

मेकॅनिकनं चिमटा उलटा केला. खालच्या पट्टीला दिवा अडकवायचे दोन कान असतात. इथं एकच होता. दुसऱ्या बाजूला दिवा तारेनं आवळलेला होता. त्यानं खिशातला तुकडा काढून तुटलेल्या जागी टेकवला. केसाचीही फट राहिली नाही.

तो उठला तेव्हा हातात हातोडा होता. गाडी उघडून पडलेली, म्हणजे तिच्यावर बसून पळणं शक्य नव्हतं. तरीही तो रस्ता अडवून उभा राहिला. रागानं त्याचे कान तापले होते. एक घाव, बस. दोन महिने त्यानं याच घटकेची वाट पाहिली होती.

"खरं बोला," तो म्हणाला. "एका बाईला उडवलंय या गाडीनं."

गिऱ्हाईकाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाईला? मी... अहो, मी पंधरा दिवसांपूर्वी घेतलीय ही! जुनी!"

"मघाशी तर बरेच दिवस म्हणालात."

"मग काय म्हणू? घेतल्या दिवसापासून दुरुस्तीच चाललीय. जाईन त्या गॅरेजात हसतात. फसलो, असं कोण आपल्या तोंडानं सांगतं?"

मेकॅनिकनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. लाज खरी होती, भीतीही खरी होती. हातोडा हळूहळू खाली आला.

"विकणारा कोण?"

"ओळखीचा नव्हता हो. पोरगेलासा होता. घाईत होता, मागितली त्या भावात देऊन टाकली. नंबर आहे, पण उचलत नाही."

"आत्ता लावा. माझ्यासमोर."

गिऱ्हाईकानं फोन लावून स्पीकरवर टाकला. रिंग जाऊ लागली.

आतून बायकोची हाक आली, "छोटू, अरे तुझा फोन वाजतोय! तो इथंच टाकून मागल्या दारानं कुठं निघालास?"