रिकाम्या घराची नोटीस

पालिकेच्या वेबसाइटवर गल्लीतल्या घरांच्या नोंदी तो रोज डोळ्यांत तेल घालून तपासायचा. नांदती घरं 'रिकामी' ठरवून पाडायची, हा तिथल्या हरामखोरांचा धंदाच होता. आज त्याच्याच घराची नोंद आली: 'रिकामं. नोटीस डकवली.' पुरावा म्हणून दाराचा फोटो.

"अगं, बाहेर बघ जरा!"

बायकोने दार उघडून बघितलं, लोटलं, कडी घातली. "काही नाही डकवलेलं. मेल्यांनी खुर्चीत बसूनच फोटो टाकलाय!"

मग त्याच्या खांद्यावरून तिने फोटो पाहिला.

"अहो, फोटोत कडी दिसतेय. कडी तर आतल्या बाजूला आहे."

दोघं वळले. तिने आत्ताच लावलेल्या दारावर नोटीस होती. खालून ओली खळ ओघळत होती.