दोन खुर्च्या

शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम खुर्च्या उचलल्या, आणि असा काही खडखडाट झाला की पोस्टमास्तरांची शिट्टीसुद्धा त्यात बुडाली. मत द्यायची इथली रीतच तशी. खुर्ची घरून आणायची, चर्चा ऐकायची, आणि शेवटी आपलं मत ज्या बाजूला, त्या भिंतीशी ती नेऊन ठेवायची. माणूस परगावी असेल तर घरच्यांनी त्याची खुर्ची आणायची. तीही मोजली जायची. वर केलेला हात गुपचूप खाली घेता येतो. खुर्चीचं तसं नसतं.

आज प्रश्न गावाबाहेरच्या माळावर काय बांधायचं, हा होता. खिडक्यांची बाजू घरांची. फळ्याची बाजू व्यसनमुक्ती केंद्राची.

शिवणकाम करणारी ताई मधोमध उभी होती. एका हातात तिची निळी खुर्ची, दुसऱ्या हातात नवऱ्याची.

"दोन्ही घरांकडे ठेव, आई, पटकन!" लेक कानाशी लागली. "पूर्ण उघडणारं दार, आई! विचार कर!"

त्यांच्या भाड्याच्या खोलीत पलंग आडवा यायचा, म्हणून दार अर्धंच उघडायचं. शिलाई मशीन खिडकीतून आत घ्यावं लागलं होतं. घरं झाली तर भाडेकरूंना आधी मिळतील, हे मघाशी सगळ्यांसमोर ठरलं होतं.

शेजारी घरमालकीण काकू खुर्ची टेकवत म्हणाल्या, "केंद्र म्हणे! आपल्या गावात तसलं एक तरी माणूस आहे का? उगाच बाहेरची झिंगलेली वरात दारात!"

नवरा दूरच्या शहरात नोकरीला आहे, असं गावाला ताईनेच सांगितलं होतं. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता ती त्या नोकरीत इतकी भर घालत गेली, की आता त्याच्या हाताखाली माणसंसुद्धा होती. खरं तर तो तसल्याच एका केंद्रात होता. जायला अख्खा दिवस बस, आणि भेट जेमतेम चहा संपेपर्यंत. मागच्या खेपेला तो म्हणाला होता, "जवळ असतं तर कधीच आलो असतो गं. एवढ्या लांब यायचं तर लोकांना काहीतरी कारण सांगावं लागतं. ते सुचेपर्यंत वर्षं गेली."

"ताई, मुहूर्त काढताय का?" पोस्टमास्तर ओरडले.

ती खिडक्यांकडे गेली. निळी खुर्ची ठेवली. लेकीने टाळीच वाजवली. मग ताई नवऱ्याची खुर्ची घेऊन हॉल ओलांडू लागली, आणि लेकीचे हात हवेतच राहिले.

"अगं, ती कुठे चालवलीस?" काकू म्हणाल्या. "त्याला विचारलंस का?"

"तो तिथेच आहे, काकू. नोकरी-बिकरी काही नाही. अशाच केंद्रात आहे. बरा होतोय."

लेक कानापर्यंत लाल झाली.

फळ्याजवळून कुणीतरी हळूच म्हणालं, "मग तुझीही इकडेच आण की."

"का म्हणून? मला घरही हवंय."

तिने नवऱ्याची खुर्ची भिंतीला लावली, पदर सावरला आणि तिच्यावर बसली. बराच वेळ शिवणाला बसणारं माणूस बसतं तशी, ऐसपैस.

पोस्टमास्तर बोटाने मोजत खिडक्यांपाशी आले आणि निळ्या खुर्चीपुढे अडले. "ही रिकामी कशी? ताई, तुमचं मत नक्की कुठं?"

"खुर्ची मोजा, मास्तर," ताई तिथूनच म्हणाली. "बसायचं कुणाजवळ, ते माझं मी बघते."

मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. मग खुर्चीच्या पाठीवर बोट टेकवून पुढचा आकडा म्हटला.