जीप थोडी थांबवा

जीप दवाखान्याच्या दारात लागली होती. सरजाबाईंच्या हाताचं सलाईन सिस्टर काढणार, तेवढ्यात डॉक्टर धम्मप्रिया वॉर्डात आल्या.

सरजाबाईंचा स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता. परवापासून त्या ग्लानीत होत्या, लेकीलाही ओळखत नव्हत्या. आता शेवटच आला, असं सगळ्यांनी धरलं होतं. व्यंकटरावांना बायकोला किल्लारीला, आपल्या घरी न्यायचं होतं.

धम्मप्रियांनी सरजाबाईंची जीभ पाहिली. खरखरीत, कोरडी.

“ग्लानी यायच्या आधी या पाणी फार पीत होत्या का?”

“हाव मॅडम, तांब्यावर तांब्या,” लेक तनुजा म्हणाली. “लघवीला सारखी जायची. पोट मात्र साफ व्हायचं न्हाई.”

धम्मप्रिया चमकल्या.

“काका, जीप थोडी थांबवा. मला रक्त तपासू द्या.”

“आता कशाला सुया टोचता? जाऊ द्या तिला सुखानं,” व्यंकटराव म्हणाले.

“हा शेवट नसेलही. हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरलं की माणूस असाच गुंगतो. अन् ते कमी करता येतं.”

रक्ताची नळी घेऊन त्या स्वतःच लॅबकडे धावल्या. परत आल्या त्याही पळतच. कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. सलाईन जोरात सुरू झालं, कॅल्शियम उतरवणारं इंजेक्शन गेलं. जीप रिकामी परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाईंनी डोळे उघडले. लेकीकडे टक लावून पाहिलं.

“तनू, केस का विंचरले न्हाईत गं?”

तनुजा रडत, हसत बापाला बोलवायला पळाली.

दुपारी सरजाबाईंनी डॉक्टरांना विचारलं, “बरी झाले का मी?”

धम्मप्रिया खाटेवर टेकल्या. “मावशी, खोटं नाही सांगत. कर्करोग आहे अन् तो राहणार. पण औषधं लागू पडली तर काही महिने मिळतील. कदाचित वर्षही.”

व्यंकटरावांनी मान खाली घातली. सरजाबाईंचे डोळे मात्र लकाकले.

“महिने?” त्या उठून बसायला लागल्या. “अहो, आपली म्हैस पौषात व्यायची हाय. खरवस मीच करणार.”

व्यंकटराव घाईघाईनं व्हरांड्यात गेले. आता म्हशीचं कोण करणार, म्हणून परवाच त्यांनी ती शेजाऱ्याला देऊन टाकायचं कबूल केलं होतं. त्यांनी फोन लावला. त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला.

“मलप्पा, म्हैस द्यायची न्हाई. तिची मालकीण घरी यायलीय.”