राग ओळखणारं कुलूप

सीमेवर कालपासून तोफा धडाडत होत्या, तरी तळघरातल्या कोठाराची तपासणी चुकवता येणार नव्हती. दोन्ही देशांच्या अणुबॉम्बांचं इंधन तिथं एकत्र ठेवलेलं होतं. दोघा तपासनिसांनी एकदम तळवे टेकवले तरच कुलूप उघडायचं, आणि एकाच्याही मनात राग असला तर ते नाडीवरून ओळखून बंदच राहायचं.

मृणाल देवस्थळी आली तेव्हा पलीकडच्या देशाचे तपासनीस कुरेशी दाराशी उभे होते.

"बाई, तुमच्या भावाचं कळलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गोळा आमच्याच बाजूचा होता. आज राहू द्या, मी वर सांगतो."

"आणि आत गळती सुरू झाली असेल तर? ठेवा हात."

कुलूप उघडणार नाही, अशी दोघांचीही खात्री होती. पण दिवा लगेच हिरवा झाला.

मृणाल मटकन खाली बसली. "सख्खा भाऊ गेला हो माझा," ती म्हणाली, "आणि मला साधा रागसुद्धा येत नाही? इतकी थकले मी?"

कुरेशी तिच्याशेजारी फरशीवर बसले. मग त्यांनी हात देऊन तिला उठवलं आणि दोघं मोजमापं घ्यायला आत गेली.