उरलेल्या आठ बाटल्या

"उरलेल्या इंजेक्शनांचं काय करायचं?" फ्रिजचं दार उघडं धरून बायकोने विचारलं.

घड्याळजी दारात बूट काढत होता. एक पाय बुटातच राहिला.

"करायचं काय? टाकून देऊ."

"आठ बाटल्या आहेत. सीलबंद."

मूल होण्यासाठीचे उपचार थांबवल्याचं त्यांना सकाळीच कळलं होतं. दहा दिवस पोटात सुया टोचून घेऊनही तिची बीजं मोहरीएवढीसुद्धा वाढली नव्हती. "एवढ्या औषधाला शरीराने काहीतरी दाद द्यायला हवी होती," सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टरीणबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या होत्या. असं दुसऱ्यांदा झालं होतं. घड्याळजीने बायकोचा हात घट्ट धरला. ती रडली मात्र नाही.

त्या दहा दिवसांत त्याने एकदाही कसूर केली नव्हती. संध्याकाळी सातला दुकान बंद, घरी येऊन कोपरापर्यंत हात धुणं, मग इंजेक्शन. केसाएवढे स्क्रू फिरवणारा हात तो. सुई कधी आत गेली ते तिला कळायचंही नाही. शेजारणी म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा.

"बिट्टीला देऊ," ती म्हणाली.

बिट्टी म्हणजे त्याची धाकटी बहीण. गाडी चालवायला शिकवायची. तिच्याही लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि याच दवाखान्यात, याच औषधाने, येत्या रविवारी तिचे उपचार सुरू व्हायचे होते.

"तुमचं दोघींचं तर बोलणं नाही," तो म्हणाला.

"किती दिवस धरून बसायचं?"

तीन वर्षं तिने धरलं होतं. भरल्या पंगतीत बिट्टी बोलून गेली होती, "वहिनीलाच मूल नकोय, म्हणून होत नाही." त्या दिवसापासून बायकोने नणंदेचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आणि आज ती बिट्टीबद्दल इतक्या सहज बोलत होती, जणू कालच दोघी एकत्र बाजारात जाऊन आल्या होत्या.

घड्याळजीने चार दिवस नाना सबबी सांगून पाहिल्या. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नये. मंगळवारी लाईट गेली होती, औषध तापलं असेल. अपयशी औषध तिच्या घरी कशाला पाठवायचं?

"लाईट अर्धा तास गेली होती," ती म्हणाली. "आणि औषध कधी अपयशी असतं का?"

ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. शब्दातला निसटलेला काना तिला चार हातांवरून दिसायचा. गुरुवारी तो घरी आला तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती, एक बाटली उजेडात धरून तिच्या सीलची कड निरखत. त्याला बघताच तिने बाटली पदराने पुसली आणि हसली.

ते हसणं त्याला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने फ्रिज उघडला तर खोका जागेवर नव्हता.

"कुठे ठेवलास?"

"मागे सरकवलाय. तुला कशाला हवाय?"

"मेडिकलवाल्याकडे देतो. ते नीट नष्ट करतात."

"बिट्टीला फोन झालाय माझा. रविवारी सातला येतेय ती."

त्या दिवशी दुकानात त्याने एका घड्याळात सेल उलटा बसवला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी बिट्टी आली आणि दारातच वहिनीच्या गळ्यात पडली. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. चहा झाला. बायको हात धुवायला आत गेली तसं त्याने बहिणीला बाजूला घेतलं.

"बिट्टी, ते औषध घेऊ नकोस. मी तुला नवीन आणून देतो."

"का रे दादा?"

"तुझ्या वहिनीचं मन ठिकाणावर नाही. काय करेल याचा मला भरवसा वाटत नाही."

"तिने स्वतःहून फोन केला मला. आणि दादा, माझी ही शेवटची खेप आहे. चाळिशी आली. हे हुकलं की संपलं."

बायको बाहेर आली. टेबलावर तिने स्वच्छ पंचा अंथरला, सुई काढली, बाटलीच्या तोंडावर कापूस फिरवला. प्रत्येक हालचाल मोजून मापून.

"आण, मी देतो," घड्याळजी म्हणाला.

"नको. दहा दिवस तुझेच हात बघत होते. शिकले मी."

तिने औषध ओढून घेतलं. सुई वर धरून टिचकी मारली, बुडबुडा वर आला. बिट्टीने कुडता उचलून डोळे मिटून घेतले.

बायकोच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. डाव्या हाताच्या चिमटीत तिने नणंदेच्या पोटाची कातडी धरली. सुईचं टोक टेकलं.

"थांब," तो म्हणाला. "देऊ नकोस तिला."

"का?" तिने वर न बघता विचारलं.

"त्यात औषध नाही."

"मग काय आहे?"

बिट्टीने डोळे उघडले. घड्याळजी आपल्या हातांकडे बघत होता.

"पाणी," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला पाणीच होतं. मूल मलाच नकोय."

बायकोने सुई हळूच मागे घेतली आणि टोपण लावून टेबलावर ठेवली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तिला बोलावलं."