बारा ओळी

अमेरिकेतल्या लढाईनं अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाच नत्थुजीची बोंडं किडली. दोष त्यानं किडीला दिला नाही, विधवा सुनेला दिला. “तुही सावली पडते वावरात. माहेरी चालती हो.” गिरजा म्हणाली, “मामाजी, येत्या साली बारा ओळींत मी फिरतो, दुसऱ्या बारांत पाय ठेवत नाही. बी एकच, खत एकच. माह्या ओळींत कापूस कमी भरला त जातो.” पेरणीपासून ती रोज तिथं फिरली. वेचणीनंतर दोन्ही ढीग काट्यावर चढले. तिचा पाच शेर जास्त भरला. सासरा क्षणात पालटला. “पोरी, तुह्या सावलीले बरकत हाय! आता साऱ्या वावरात फीर.” “ते बी खोटंच. माह्या ओळी नाल्याकडच्या, तिथं ओल जास्त.” “येडी का वं? जितली नं तू!” “अजून नाही. पुढच्या साली कोरड्या ओळी मले द्या.”